ज्याची गाडी, त्याने उचलावी

“पाडा ती.”

मी गाडी दोन्ही हातांनी धरून उभी होते. टाकीवरचे प्लास्टिक अजून काढलेले नव्हते. हँडलला लिंबू-मिरची बांधलेली होती आणि शोरूममध्ये काढलेले कुंकवाचे स्वस्तिक दिव्यावर तसेच होते.

“काय पाडू?”

“गाडी. हात सोडा. डावीकडे पडू द्या.”

“सर, नवी आहे.”

“दिसतंय की.”

“मी चालवायला शिकायला आले आहे.”

“चालवता येतंच तुम्हाला. सदाशिव पेठेतून इथवर काय ढकलत आणलीत?” त्यांनी गाडीकडे बोट केले. “ही पडणारच आहे. डोंगरात पडेल, चिखलात पडेल. पहिल्यांदा तुमच्या हातानं पडू द्या. भीती जाते.”

“गाडीची?”

“तुमची. गाडीला नसते.”

मी हात सोडले. गाडी मुरुमावर आडवी झाली आणि एक आरसा फुटला. त्यांनी वाकून आरसा पाहिला. “हे पुढच्या वेळी काढून यायचं,” ते म्हणाले. “आता उचला.”

त्यांनी माझ्या गाडीला हात लावला नाही. स्वतःची गाडी शेजारी आणून आडवी केली. तिच्याकडे पाठ करून ते खाली बसले, कंबर सीटला टेकवली, एका हाताने हँडल धरले, दुसऱ्याने सीटमागची दांडी. मग पायांनी जमीन रेटत मागे मागे चालत गेले. शेजारचे माणूस उठून उभे राहावे तशी गाडी त्यांच्या पाठीमागे उभी राहिली.

मी तसेच करून पाहिले. गाडी गुडघ्यापर्यंत आली आणि परत गेली. दुसऱ्यांदा तेवढीही आली नाही. मी तिसऱ्यांदा बसू लागले तेव्हा ते म्हणाले, “बास. आता हाक मारा.”

“कोणाला?”

“इथं मी एकटाच आहे.”

मला ते कसे म्हणावे हे सुचेना. शेवटी मी म्हणाले, “सर, मदत करा.” ते लगेच आले. आम्ही दोघांनी गाडी उभी केली. “हेही शिकावं लागतं,” ते म्हणाले. “या पुढच्या रविवारी.”

श्री. यशवंत बाबूराव धुमाळ यांची आणि माझी पहिली भेट ती अशी झाली. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या समितीने परिचय, कार्य, आठवणी अशा क्रमाने लिहावे असे सुचवले आहे. क्रम शक्यतो पाळते.

त्या वर्षांत पुण्यात संगणकाच्या कंपन्या वाढत होत्या. सकाळी चौकाचौकात कंपन्यांच्या बसची वाट पाहणारी गळ्यात ओळखपत्र घातलेली मुले दिसू लागली होती. मी यवतमाळहून आले होते. मराठी घेऊन एम.ए. केले होते आणि एका कंपनीत, सॉफ्टवेअर कसे वापरावे हे सांगणाऱ्या पुस्तिका इंग्रजीत लिहीत होते. राहायला सदाशिव पेठेत, एका खोलीत चौघीजणी. आठवडाभर काम असे. रविवारी काय करायचे हे कळत नसे. कंपनीतला निखिल जोशी पेठेतच वाढलेला होता. तो एकदा म्हणाला, “धायरीला एक गृहस्थ आहेत. ते पडायला शिकवतात.” मला तो पेठेतला विनोद वाटला. निखिल सरांच्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी होता आणि तो विनोद करत नव्हता.

धुमाळसरांचा जन्म धायरीचा. धायरी गाव होते तेव्हाचा. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन ते दुचाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात चाचणी विभागात लागले. बाजारात जाण्याआधी गाडी मोडून पाहायची, हे त्यांचे काम. खड्ड्यांतून, पाण्यातून, दगडांवरून ते ती चालवत, आणि काय तुटले ते कळवत. पुढे बाजार खुला झाला, परदेशी कंपन्यांशी करार झाले, एका बंद खोलीत गाडी उभ्या जागी खिळखिळी करणारी यंत्रे आली. चाचणी विभागातल्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती सुचवण्यात आली. सरांनी ती घेतली. त्याबद्दल त्यांना कधी कडवट बोलताना मी ऐकले नाही. “यंत्र चांगलं होतं,” एवढेच ते म्हणतात. “पण त्याला पडता येत नव्हतं.”

गावाच्या वरच्या अंगाला धुमाळांचा एक माळ आहे. मुरूम, खडक, मधून एक कोरडा ओढा. त्यावर बाजरीसुद्धा धड येत नसे. सरांनी तिथे चढ-उतार तयार केले, पत्र्याची शेड घातली आणि डोंगरवाटांवर मोटारसायकल कशी चालवावी हे शिकवायला सुरुवात केली. “पीक येईना म्हणून ह्यांनी माणसं लावली,” असे त्यांच्या पत्नी शालिनीताई सांगतात. शालिनीताई सदाशिव पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवत. त्यांनी आयुष्यभर मोपेडशिवाय दुसरे वाहन चालवले नाही आणि त्या एकदाही पडल्या नाहीत. हे त्या अधूनमधून, कोणी विचारले नसतानाही सांगतात.

सरांचे शिक्षण शेडमध्ये सुरू होते. प्रत्येक नव्या तुकडीला ते आधी गाड्यांची ओळख करून देतात. लोकांना वाटते, जाड गाठींचे बटण टायर लावले आणि सायलेन्सर वर घेतला की कोणतीही गाडी डोंगराची झाली. सरांना तसे वाटत नाही. त्यांनी या गाड्यांच्या चार जाती केल्या आहेत आणि त्यांना नावे दिली आहेत.

पहिली टोळ. ही शर्यतीची. उंच, हलकी, शॉकअप इतके लांब की उडी मारून खाली आली तरी माणसाचा मणका शाबूत राहतो. तिला दिवा नाही, आरसा नाही, नंबराची पाटी नाही. ती रस्त्यावर चालवता येत नाही. टेंपोत बसून येते, उड्या मारते आणि टेंपोत बसून घरी जाते. दुसरी खेचर. हिचे अंग टोळासारखेच, पण स्वभाव वेगळा. हिला दिवा आहे, पाटी आहे, आवाज बेताचा आहे. दिवसभर दगडधोंड्यांतून चालेल आणि संध्याकाळी तुम्हाला रस्त्याने घरीही आणेल. तिसरी बकरी. हिला सीट जवळजवळ नसतेच, कारण बसायचेच नसते. टाकी तांब्याएवढी, टायरांत हवा कमी, वजन सगळ्यांत कमी. ही उभ्याने आणि सावकाश चालवायची. मोठाल्या दगडांवरून, तोल सांभाळत. पाय जमिनीला टेकला की ती चूक. इथे घाई करणारा हरतो. आणि चौथी म्हैस. मोठे इंजिन, मोठी टाकी, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, पुढे काच. लांबच्या प्रवासाची.

एकदा एक वरिष्ठ अधिकारी अशी नवीकोरी म्हैस घेऊन माळावर आले. त्यांना त्याच दिवशी ओढ्यात उतरायचे होते.

“सर, ही ऑफ-रोडच आहे. कंपनीनं तसं लिहिलंय.”

“कंपनीत मीही होतो,” सर म्हणाले. “चला, आधी पायी जाऊन येऊ.”

पहिला नियम गाडी आधी स्वतःच्या हाताने पाडण्याचा; हा त्यांचा दुसरा. ज्या वाटेने गाडी न्यायची ती आधी पायी चालायची. दोघे ओढ्यात उतरले आणि बऱ्याच वेळाने वर आले. त्या गृहस्थांनी घाम पुसला, गाडीकडे पाहिले, आणि त्या दिवशी माळाला कडेकडेने फेऱ्या मारल्या. ते गेल्यावर निखिल हसू लागला. सरांना ते आवडले नाही. “म्हैस वाईट नसते,” ते म्हणाले. “दूध देते. कड्यावर नेऊ नये इतकंच. गाडी आपल्या मापाची हवी, आणि माप बदलत असतं. बदललं की गाडी बदलायची. चपला बदलतो तशी.” ते गृहस्थ पुढे त्याच गाडीवरून हिमालयात जाऊन आले आणि सरांसाठी जर्दाळू घेऊन आले. सरांनी ते सगळ्यांना वाटले. निखिलला दोन जास्त दिले.

त्यांची स्वतःची गाडी खेचर आहे. कारखाना सोडला त्या वर्षी एका जुन्या टू-स्ट्रोक गाडीची त्यांनी ती बांधली. त्यांच्याकडे एक बकरीही आहे. शंभर सीसीच्या, पेट्रोल कमी खाणाऱ्या गाड्या घराघरांत आल्या होत्या. त्यातल्याच एका मोडीत निघालेल्या गाडीची. ती त्यांनी घाबरत येणाऱ्या नवशिक्यांसाठी केली. ते स्वतः तिच्यावर चढत ते फक्त तोल दाखवण्यापुरते. सहा फुटी माणूस त्या एवढ्याशा गाडीवर उभा राहिला की सगळे हसत. सरही हसत, आणि खाली उतरत.

आता तिसरा नियम, आणि पुढे जे सांगायचे आहे ते याच नियमाचे आहे. पडलेली गाडी ज्याची त्याने उचलायची. दोनदा प्रयत्न करायचा. “पहिल्यांदा जमत नाही ते रीत चुकते म्हणून,” सर सांगतात. “दुसऱ्यांदा जमत नाही ते ताकद पुरत नाही म्हणून. तिसऱ्यांदा माणूस हट्टानं उचलतो आणि पाठ घालवून बसतो. दोनदा नाही जमलं तर हाक मारायची.” हाक येईपर्यंत दुसऱ्या कोणी त्या गाडीला हात लावायचा नाही. आणि ज्याला आपली गाडी एकट्याने उचलता येत नाही, त्याने डोंगरात सगळ्यांच्या शेवटी राहायचे नाही. कारण त्याच्या मागे कोणी नसते.

डोंगरात शेवटी सर राहतात. पुढे कोण जाईल यावरून तरुण मुलांत चढाओढ असते. शेवटच्या जागेसाठी कधीच नव्हती. वेल्ह्याच्या पलीकडे एका उतारावर निखिलच्या गाडीची चेन तुटली. आम्ही पुढे निघून गेलो होतो, आम्हाला कळलेही नाही. निखिल रागाने गाडीला लाथ मारायला निघाला होता.

“मारा,” मागून सर म्हणाले. “बूट तुमचाच आहे.”

ते खाली उतरले. शालिनीताईंच्या जुन्या साडीची शिवलेली एक पिशवी त्यांच्या कमरेला असते. तिच्यातून त्यांनी चेनची जोडकडी काढली आणि शेंगदाण्याची चिक्कीही काढली. आधी चिक्की दिली. ते दोघे आम्हाला गाठायला आले तेव्हा निखिल पुढे होता आणि सर शेवटी. निखिल आता स्वतः मोठ्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे. तो म्हणतो की त्याने माणसे सांभाळण्याचे जे काही वर्ग केले त्यात चिक्कीचा उल्लेख नव्हता.

सर वयाने लहान असलेल्यांनाही ‘तुम्ही’ म्हणतात. खूप आनंद झाला तर मात्र त्यांची भाषा माळावरची होते. मी पहिल्यांदा ओढा न पडता पार केला तेव्हा ते पलीकडून ओरडले होते, “गडी हाय!” मी गडी नव्हते, पण मला बरे वाटले होते.

माझ्यावर त्यांचे वैयक्तिक ऋण आहे ते असे. दुसऱ्या वर्षी माझे मनगट मोडले. उजवे. खोलीवरच्या मैत्रिणी कामाला जात. मला वेणीही घालता येईना. शालिनीताई खोलीवर आल्या, खोली पाहिली आणि “बॅग भरा” म्हणाल्या. प्लास्टर निघेपर्यंत मी धायरीला त्यांच्या घरी राहिले. शाळेत जाण्याआधी त्या माझी वेणी घालत. गणिताच्या बाईंची वेणी. एक केस बाहेर राहत नसे. दुपारी सर मला डाव्या हाताने क्लच दाबायचा सराव द्यायचे. कारण, ते म्हणत, मोडलाय तो उजवा.

माझे वडील ते ऐकून यवतमाळहून आले. मला घेऊन जाण्याच्या तयारीने. माळावर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी तास बघितला. गाड्या पडत होत्या, माणसे उठत होती. मग त्यांनी सरांना विचारले, “एक सांगा मले. पोरगी पडली त उचलन कोन?”

“गाडी?”

“पोरगी.”

“गाडी ती स्वतः उचलते,” सर म्हणाले. “तिला उचलायला आम्ही आहोत.”

वडील तास संपेपर्यंत बसले. रात्रीच्या गाडीने ते एकटे परत गेले. जाताना मला म्हणाले, “मानूस बरा हाय. बाईबी बरी हाय. आंबाडीचं लोनचं धाडतो त्याइच्यासाठी.” लोणचे दर वर्षी येत राहिले, वडील गेले त्या वर्षापर्यंत. त्यानंतर सरांनी आमच्या घरून कृती विचारून घेतली आणि शालिनीताईंनी ते करायला शिकून घेतले. आता त्या मला देतात.

आता दसऱ्याविषयी.

दसऱ्याला सगळे पुणे गाड्या धुते. हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. माळावरही गाड्या ओळीने उभ्या राहतात आणि शालिनीताई सगळ्यांची पूजा करतात. त्यानंतर सर पूजा केलेली, झेंडूचा हार घातलेली आपली गाडी सपाट जागेवर नेतात आणि पाडतात. मग उचलतात. त्यांच्यामागून प्रत्येकजण आपापली. ही तिथली प्रथा आहे. पहिल्या वर्षी निखिलच्या आई पेठेतून ताम्हन घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, पूजा झालेली वस्तू पाडता काय?”

“जुन्या काळी शस्त्राची पूजा करायचे,” सर म्हणाले, “ते अजून उचलता येतं का, हेही त्याच दिवशी बघत असतील.”

दर दसऱ्याला सर उचलत. टाळ्या वाजवायच्या नाहीत असे त्यांनी सांगून ठेवले होते.

यंदा आषाढात ते पडले. घरात. “चाळीस वर्षं डोंगर उतरले,” शालिनीताई म्हणाल्या, “आणि घसरले ते साबणावरून.” डाव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. हात वर जाऊ लागला, पण खांद्याच्या उंचीपुढे नाही. भाद्रपदात सर शेडमध्ये येऊन बसू लागले. आश्विनात खेचरावर बसून त्यांनी माळाला फेरी मारली. चालवणे जमत होते. पण दसरा जवळ येत होता आणि दसऱ्याला काय होणार हे सगळ्यांना कळत होते. खेचर उचलता आली नाही तर सर डोंगरात शेवटी राहणार नाहीत. आणि शेवटी राहायचे नसेल तर ते डोंगरात येणारच नाहीत. यंदा प्रथा नको असे त्यांना सांगण्याचे धैर्य कोणालाच झाले नाही. शालिनीताईंनाही नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “मी यंदा ताम्हन आणू की स्ट्रेचर, ते सांगून ठेवा.”

“ताम्हन आणा,” सर म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली. सरांनी खेचर सपाट जागेकडे न्यायला घेतली, तेव्हा निखिल म्हणाला, “सर, आज इथंच पाडू या. तिकडं ऊन येतं.” ती जागा किंचित उताराची होती. गाडी चढाच्या बाजूला पडली तर पुरती आडवी होत नाही आणि उचलायला सोपी जाते. हे आम्हाला सरांनीच शिकवले आहे. सरांनी निखिलकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले, आणि तिथेच हात सोडले.

गाडी पडली. टाकी घागरीसारखी वाजली.

सर तो आवाज ऐकत असल्यासारखे उभे राहिले.

“निखिल, टाकी रिकामी आहे.”

“भरायची राहिली, सर.”

“आणि इंजिनाखालचा पत्रा?”

“तो... धुवायला काढलाय.”

“स्टँड?”

निखिलने शेडकडे पाहिले.

“उपास असेल हो तिचा,” शालिनीताई म्हणाल्या. “नवरात्र होतं. निखिलनं कडक करवून घेतलेला दिसतोय.”

सगळे हसले. सरही हसले. मग त्यांनी निखिलच्या खांद्यावर उजवा हात ठेवला. “तुम्ही हे माझ्यासाठी केलंत, ते मला कळलं,” ते म्हणाले. “पण डोंगरात ही पडेल तेव्हा पेट्रोल भरलेलं असेल. पारणं करा हिचं. सगळं लावा. आणि तिकडं, सपाटीला.”

निखिलने मान खाली घालून पत्रा बसवला, स्टँड लावला, टाकी भरली. झेंडूच्या हाराची काही फुले तुटली होती. शालिनीताईंनी ती वेचून ताम्हनात ठेवली.

सरांनी गाडी सपाटीवर नेऊन पाडली. तिच्याकडे पाठ करून बसले. कंबर टेकवली. उजवा हात दांडीला, डावा हँडलला. पायांनी रेटले. गाडी गुडघ्यापर्यंत आली. तिथे डाव्या हाताचा जोर सरला आणि सर गाडीबरोबर हळूहळू खाली बसले. आपटू दिली नाही.

ते उठले. हात झटकले. दुसऱ्यांदा बसले. या वेळी गाडी मांडीपर्यंत आली. मला वाटते आम्ही सगळेच पायांनी जमीन रेटत होतो. मग ती परत गेली.

ते गाडीशेजारी मुरुमावर बसून राहिले. नियमाप्रमाणे कोणी हलले नाही. निखिलने एक पाय पुढे टाकला आणि मागे घेतला. सरांनी गाडीच्या टाकीवर हात ठेवला होता. खालच्या इमारतींमधून कोणाच्या तरी घरचा आरतीचा आवाज येत होता. ते तिसऱ्यांदा बसतील असे मला वाटले. त्यांच्या जागी मी बसले असते.

“बाई,” ते मला म्हणाले, “जरा या इकडं. मदत करा.”

मी गेले. मागोमाग सगळे आले. गाडीला इतके हात लागले की तिचे वजन कोणालाच कळले नाही. उभी राहिल्यावर सरांनी तिचा हार नीट केला आणि किल्ली काढून निखिलच्या हातात दिली.

संध्याकाळी आम्ही आपट्याची पाने घेऊन त्यांच्या घरी गेलो. सर ओसरीत खुर्चीवर बसले होते. खांद्याला शेकण्याची पिशवी होती. मी सोने दिले, नमस्कार केला. “सोन्यासारख्या राहा,” ते म्हणाले. मग निखिलला म्हणाले, “पुढच्या सहलीत शेवटी तुम्ही राहायचं.”

“आणि तुम्ही, सर?”

“मी घरी राहीन.”

शालिनीताई श्रीखंडाच्या वाट्या घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या. “माझी हरकत आहे,” त्या म्हणाल्या.

“शालिनी, नियम आहे तो.”

“नियमाला नाही, घरी राहण्याला. तुम्ही घरी राहिलात तर मला पुन्हा नोकरी शोधावी लागेल.” त्यांनी वाट्या ठेवल्या. “आणि तो तुमचा चपलांचा धडा? माप बदललं की बदलायची म्हणून? तो फक्त दुसऱ्यांच्या पायांसाठी आहे का?”

“बदलून काय घालू?”

“बकरी आहे की.”

“ती नवशिक्यांची आहे.”

“मग शिका,” शालिनीताई म्हणाल्या. “श्रीखंड गरम होतंय.”

सरांनी वाटी उचलली. त्यांनी श्रीखंड खाल्ले. आम्ही निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत सोडायला आले. तिथून शेडचे पत्रे दिसतात. ते तिकडे पाहत होते.

येत्या मार्गशीर्षात धुमाळसर पंचाहत्तर वर्षांचे होतील. त्यांनी आम्हाला दिलेल्या गोष्टींची यादी मी करणार नाही; ती ज्यांना मिळाली त्यांच्या गुडघ्यांना माहीत आहे. मी आजवर हाक मारायला लाजत आले होते. यंदाच्या दसऱ्यापासून कमी लाजते. सरांचे पाय बळकट राहोत. खांदा डॉक्टर म्हणतात त्याहून अधिक वर जावो. त्यांना अशी पुष्कळ वर्षे लाभोत की त्यांच्या मापाची गाडी आम्हाला पुन्हा पुन्हा शोधावी लागावी. ती वर्षे शालिनीताईंसह लाभोत. एरवी श्रीखंड वेळेवर कोण देईल. आणि ते हाक मारतील तेव्हा ती ऐकू येईल एवढ्या अंतरावर आम्ही असू, हे या ग्रंथात लिहून ठेवते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला जाण्याआधी माळावर गेले. बकरी सपाटीवर आडवी होती. सर तिच्याकडे पाठ करून बसले, पायांनी रेटले आणि ती उभी राहिली. मग त्यांनी ती सुरू केली आणि उभ्याने, सावकाश, ओढ्याच्या दगडांत उतरले. शालिनीताई काठावर मोपेडवर बसल्या होत्या. मधल्या मोठ्या दगडावर सरांचा तोल गेला.

“पाय टेकला,” शालिनीताई म्हणाल्या.

सरांनी गाडी वळवली आणि ते पुन्हा पहिल्या दगडापाशी गेले.